घरच्यांचा नकार

बेळगाव,
८ जानेवारी २०२५

ती. स्व. आप्पाकाकांना श्रियाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडून एक काम हवं आहे, म्हणून एवढा लांबलचक नमस्कार घातला आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आमच्या कॉलेजातले आम्ही अकरा जण सध्या बोन मॅरो दात्यांची नोंदणी करतो आहोत. ब्लड कॅन्सर किंवा थॅलेसेमिया झालेल्या माणसाला कधीकधी दुसऱ्याच्या मूळपेशीच वाचवू शकतात, पण त्या जुळाव्या लागतात. घरात जुळल्या नाहीत तर परक्यांत शोधायच्या. म्हणून अठरा ते पन्नास वयाच्या माणसांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा आणि दोन्ही बेंगळूरच्या नोंदणी संस्थेकडे पाठवायचं. जुळलं तर संस्थेचा फोन येतो. नाही जुळलं तर जन्मात कुणी त्रास देत नाही.

इतकं सोपं काम आहे, आणि माणसं अशी पळतात की बघत राहावं. परवाच्या रविवारी टिळकवाडीतल्या एका वकिलांनी आमची पाठ थोपटली, चहा पाजला, आमच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि काडी दिसताच कोर्टाची वेळ झाली म्हणून उठले. रविवारी. वडगावात कल्लाप्पा म्हणून एक मागवाले आहेत, त्यांनी निदान माग बंद करून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की रक्त दिलं तवा स्टीलचा डबा दिलता, ह्याला काय देतासा. काही नाही म्हटल्यावर म्हणाले की मग माझ्या मेव्हण्याचं नाव घाला, त्यो रिकामाच हाय.

तर काम असं. दोन फेब्रुवारीला निपाणीत शिबीर घ्यायचं आहे आणि तुमच्या शाळेचा हॉल हवा आहे. हेडमास्तर तुमचे विद्यार्थी आहेत. तुम्ही एक शब्द टाकलात की होईल.

लोभ आहेच. हे पत्र वाचून तो कमी झाला तर हॉल मिळाल्यावर पुन्हा वाढवावा.

तुमची,
श्रिया


निपाणी,
१३ जानेवारी २०२५

चि. श्रिया हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तू अजून कागदावर लिहितेस याचा आनंद झाला, काय लिहितेस याचा तितकासा नाही.

बत्तीस वर्षे मी आठवीच्या वर्गात अस्थिमज्जा शिकवली. तिला बोन मॅरो म्हटल्याने ती जास्त रुचकर होते असे दिसत नाही. शहाऐंशी साली तुझ्याएवढी पोरे सक्तीच्या कन्नडविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. मी अकरा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात काढले. तिथल्या जेलरशीही मराठीतच बोललो. आजची पोरे लोकांच्या तोंडात काड्या घालत हिंडतात. प्रगती आहे.

तुमच्या शिबिराला दोनच प्रकारची माणसे येतील. एक, ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे. दोन, जी पंख्याखाली बसायला आली होती. पुढे खरोखर फोन आला की ही सगळी मंडळी परगावी गेलेली असतील. जो एखादा भोळा सापडेल त्याला टेबलावर निजवून डॉक्टर ड्रिलने हाडाला भोके पाडणार आणि शेवग्याच्या शेंगेसारखा आतला गर ओढून काढणार. उरलेले चोथ्यासारखे माणूस मागच्या दाराने घरी. हे वाक्य मी तुझ्या काकूला वाचून दाखवले, तर तिचा आमटी ढवळायचा हात थांबला. विनोदाला दाद अशी असावी.

हॉलचे बोललो आहे. आमच्या हेडमास्तरांनी नववीत बेडकाला तीन फुप्फुसे दिली होती आणि मी त्यांना पास केले होते. त्यामुळे त्यांनी लगेच होकार दिला. खुर्च्या जागेवर लावून जाणे.

तुझ्या बाबास आशीर्वाद, आईस नमस्कार सांगणे. काकूचे आशीर्वाद. आमचा लोभ तुझ्यावर तुझ्या उद्योगांसकट आहे, असे समजावे.

मार्तंड


बेळगाव,
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आप्पाकाकांना शि. सा. न. वि. वि.

हॉलबद्दल आभार. खुर्च्या जागेवर लावल्या होत्या, तरी तुम्ही नंतर जाऊन मोजल्यात असं कळलं.

त्रेसष्ट नमुने मिळाले. तुम्ही अकरा वाजता दारात उभं राहून आमच्या सुनयनाला विचारलंत की हा काड्यांचा कारखाना किती वाजेपर्यंत चालणार. सुनयना तुमच्याच निपाणीची, आमची म्होरकी. तिनं तुमचं वय विचारलं आणि पन्नाशीच्या वरचा गाल आम्हाला चालत नाही असं सांगून पुढच्याला बोलावलं. तेव्हापासून ती माझी फारच लाडकी झाली आहे.

पण तुमची प्रमाणपत्रवाली थिअरी खरी ठरली, आणि ती तुमच्याच चिरंजीवांनी खरी करून दाखवली. आशिषदादा पहिल्या रांगेत होता, कारण निळा टी-शर्ट फुकट होता. तोंडात काडी धरून त्यानं चार वेळा फोटो काढून घेतला, उजेड मनासारखा येईपर्यंत. त्याचा फॉर्म मीच भरला. घरी कायम कुणीतरी उचलेल असा दुसरा नंबर लागतो, तिथं त्यानं तुमच्या बैठकीतल्या जुन्या फोनचा नंबर दिला. मग टी-शर्ट एक साईज मोठा मिळेल का ते विचारलं.

दुपारी काकूंच्या हातचं जेवलो, ते दिवसभरातलं सगळ्यात चांगलं काम झालं. त्यांना नमस्कार. लोभ असावाच, फक्त थोडा खवचटपणा वजा करून द्यावा.

तुमची,
श्रिया


निपाणी,
१२ सप्टेंबर २०२५

चि. श्रिया हिस अनेक आशीर्वाद.

सात महिन्यांत तुझे पत्र नाही. परीक्षा झाल्या, गणपती आले, गेले. बेळगावात टपालपेट्या उचलून नेल्या असाव्यात अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

आशिष जूनपासून चाकणला एका कंपनीत आहे. कंपनीने नवा मोबाइल नंबर दिला, जुना त्याने टाकून दिला. दर रविवारी घरी फोन करून मोजून अकरा मिनिटे बोलतो, त्यातली नऊ जेवणाविषयी. गडहिंग्लजचे एक स्थळ आले आहे. मंडळी दसऱ्याला घर पाहायला येणार, म्हणून तुझी काकू सध्या जमिनीवर नाही. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला एकुलता एक मुलगा, तेव्हा तिचे चालायचेच.

एक गंमत सांगायची आहे. ऑगस्टमध्ये घरी एका बाईचा फोन आला. आशिष आहेत का, असे कन्नडमध्ये. मी मराठीत बोला म्हटले. तिने पुन्हा कन्नडच चालवले, मी फोन ठेवला. आठ दिवसांनी तीच बाई, आता मोडक्या हिंदीत. या गावावर आधीच दोन भाषा भांडत आहेत, तिसरी आणू नये असे सांगून ठेवला. अनंत चतुर्दशीला, उत्तरपूजा चालू असताना, तिसऱ्यांदा. म्हणे काम तातडीचे आहे पण ते फक्त आशिषनाच सांगता येईल. कर्ज विकणाऱ्यांचे काम नेहमी तातडीचेच असते. तेव्हा मी तिला स्वच्छ, व्याकरणशुद्ध, धारवाडी वळणाच्या कन्नडमध्ये सांगितले की मला कन्नडचे एक अक्षर येत नाही, तरी कृपया पुन्हा फोन करू नये. मग मीच फोन ठेवला.

त्यानंतर आजवर फोन नाही. मात्रा लागू पडली. वाचनालयात हे सांगितले तेव्हा आमचा भरमू इतका हसला की ग्रंथपालांनी त्याला बाहेर काढले.

पत्राचे उत्तर देणे. लोभ आहे, पण तो उधारीवर किती दिवस ठेवायचा ते तूच ठरव.

मार्तंड


बेळगाव,
१७ सप्टेंबर २०२५

आप्पाकाका, नमस्कार.

ती बाई कर्ज विकत नव्हती.

तुमचं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि तिथूनच आशिषदादाला फोन लावला. शिबीर आठवतं का विचारलं, तर टी-शर्ट आठवला. नवा नंबर त्यानं बँकेला कळवला, जिमला कळवला, गडहिंग्लजच्या स्थळालाही कळवला. नोंदणी संस्थेला कळवायचं राहून गेलं म्हणे. मी लाइनवर असतानाच त्याला तिकडे फोन करायला लावला.

एका मुलीशी त्याचं जुळलं आहे. वय वर्षं नऊ. नाव, गाव काही सांगत नाहीत, तसा नियम आहे. सगळ्या नोंदणीत पूर्ण जुळणारा माणूस एकच निघाला, तोंडात काडी धरून फोटो काढणारा. महिनाभर त्या बाई त्याला शोधत होत्या. जुना नंबर बंद, म्हणून तुमच्याकडे. आता त्याच्या नावापुढे नोंद आहे, घरच्यांचा नकार. तसं डॉक्टरांना कळवूनही झालं आहे. दादा तयार आहे म्हटल्यावर त्यांनी पुन्हा हॉस्पिटलला विचारलं आहे की अजून वेळ आहे का. तो लगेच हो म्हणाला, म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. मग त्यानं सुट्टी पगारी असते का ते विचारलं.

काका, तुम्हाला कन्नड येतं. नुसतं येत नाही, तुम्ही कन्नड माणसांच्या नकला करून दाखवता. इतकं सुरेख कन्नड बोलणाऱ्या माणसानं फोन करू नका म्हटल्यावर त्या बाईंनी काय समजायचं? न समजणाऱ्याला पुन्हा समजावता येतं. तुम्ही सगळं समजून नाही म्हणालात असंच त्यांना वाटलं असणार.

तुमच्या तुरुंगातल्या अकरा दिवसांची गोष्ट मी शाळेत भाषणात सांगितली होती. बक्षीसही मिळालं होतं. त्या अकरा दिवसांचा आणि एका आजारी मुलीचा काय संबंध, ते आता मला समजावून सांगा. आणि हाडाला ड्रिल लावत नाहीत. बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं देतात आणि मग हातातून रक्त यंत्रात फिरवून हव्या तेवढ्या पेशी काढून घेतात. चार-पाच तासांत माणूस चालत घरी येतो. ते शेवग्याचं तुम्ही गमतीत लिहिलंत, मीही हॉस्टेलवर सगळ्यांना वाचून दाखवलं. आता ते वाचवत नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

श्रिया


निपाणी,
२२ सप्टेंबर २०२५

चि. श्रिया हिस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. उत्तरादाखल बचावाचे दीड पान लिहिले होते. वाचून पाहिले तेव्हा ते एखाद्या नापास विद्यार्थ्याने बाईंना लिहिल्यासारखे वाटले, म्हणून फाडले.

अकरा दिवसांचा आणि त्या मुलीचा काही संबंध नाही. तेव्हा मराठी लेकरांच्या शाळेचा प्रश्न होता. परवा मला फक्त वाचनालयात सांगायला एक किस्सा हवा होता. एवढा क्षुद्र माणूस बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात सापडला असता तर मी त्याला बाकावर उभा करून खाली उतरू दिले नसते.

आशिषकडून नंबर घेऊन मी स्वतः बेंगळूरला फोन केला, कन्नडमध्ये. दुसरीच कोणी मुलगी होती. ती म्हणाली की या विषयावर फक्त आशिषशीच बोलता येईल. मी हेच आधी ऐकले होते आणि फोन आपटला होता. तिने आपटला नाही. दिवस चांगला जावो असे म्हणून ठेवला.

शनिवारी आशिषने पुण्यात तपासणीसाठी रक्त दिले. तुझी काकू माझ्याशी फारसे बोलत नाही. तिचा रागावण्याचा हक्क आहे. पाहुण्यांना तिने आपणहून दिवाळीनंतर या असे कळवले.

काही कळले की लगेच लिही. चांगले नसले तरी लिही. लोभ मागायची आज माझी पायरी नाही.

मार्तंड


बेळगाव,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आप्पाकाका, नमस्कार.

दिवाळीत लिहायचं नाही म्हणून थांबले होते.

विनंती बंद झाली. वीस तारखेला संस्थेनं आशिषदादाला तसं कळवलं. दुसरं कुणी मिळालं का, असं त्यानं विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. मग ती मुलगी आहे ना, असं विचारलं. त्यावरही तेच. पण फोनवर त्यांचा आवाज बदलला, असं तो सांगत होता, आणि ते सांगताना त्याचाही बदलला. त्या दिवशी त्यानं सुट्टीबिट्टीचं काही काढलं नाही. संस्थेत नाव तसंच ठेवा म्हणाला.

तुम्हाला मी पत्रातून खूप बोलले. त्यातलं काही मागे घेत नाही, पण एक राहिलं आहे ते सांगते. फॉर्मवर एक ओळ असते, घरच्यांना पूर्ण माहिती दिली आहे का. आशिषदादाच्या फॉर्मवर तिथं खूण मी केली. त्याला न विचारता. त्रेसष्ट फॉर्म होते, भूक लागली होती आणि आकडा वाढवायचा होता. सुनयनाला हे परवा सांगितलं. तिनं त्या दिवसाच्या बाकीच्या बासष्ट फॉर्मच्या प्रती काढून माझ्यासमोर ठेवल्या. आता आम्ही एकेकाच्या घरी जातो आहोत.

काकूंना नमस्कार.

श्रिया


निपाणी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. श्रिया हिला काकूचे अनेक आशीर्वाद.

या घरातून तुला आजवर पत्रं गेली ती सगळी ह्यांची. त्यात मी असायचे ती आशीर्वादापुरती. हे पत्र माझं आहे.

तुम्हा दोघांना तीन फोन माहीत आहेत. चौथा माहीत नाही. अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार होता. हे वाचनालयात आपल्या कन्नडचा पराक्रम सांगायला गेले होते. फोन मी उचलला. माझं माहेर संकेश्वरचं, शेजारपाजार सगळा कन्नड, तेव्हा मला ते बोलायला कधी जड गेलं नाही. ती बाई आधी काही सांगेना. मी आई आहे, आशिषचा नंबर देते पण काम काय ते सांग, म्हणून मी धरून बसले. मग तिनं सांगितलं की तुमच्या मुलाचं एका पेशंटशी जुळलंय आणि घाई आहे.

मी नंबर दिला नाही. त्याची इच्छा नाही, त्याचं लग्न ठरतंय, घरातल्या कुणाचीच इच्छा नाही, असं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. मी दोनदा नक्की म्हटलं. ती घरच्यांच्या नकाराची नोंद माझी आहे, ह्यांची नाही.

का, ते सांगते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ह्यांनी मला ते ड्रिलचं आणि शेवग्याच्या शेंगेचं वाचून दाखवलं. आमटी ढवळताना माझा हात थांबला, तो ह्यांना विनोदाला दाद वाटला. मला ते खरं वाटलं होतं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं? अकरा वर्षं वाट बघून झालेला मुलगा, त्याच्या हाडांना भोकं पाडायला मी कशी पाठवू? तू वडगावच्या मागवाल्याला सगळं समजावून सांगितलंस. शिबिराच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन वेळा भात घेतलास, आमटीची तारीफ केलीस आणि मला मात्र त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. काकूला काय करायचंय, असंच वाटलं ना? ह्यांना तर सदतीस वर्षं तसंच वाटतंय. तुम्हा दोघांच्या पत्रांत एकमेकांना टोमणे मारायला पानंच्या पानं होती. मला विचारायला एक ओळ नव्हती.

हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. ती मुलगी नऊ वर्षांची, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. बाईनं वय सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, असं मला म्हणता येत नाही. त्या वेळी मला माझाच मुलगा दिसत होता. त्या पेशंटलाही आई असेल, हे मला फोन ठेवल्यावर, चहा टाकताना सुचलं. तेव्हा पुन्हा नंबर फिरवता आला असता. नंबर कुठला, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ह्यांना विचारलं तर काय झालं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी चहा प्यायले.

तुझं शेवटचं पत्र आल्यापासून हे वाचनालयात जात नाहीत. त्या बेंगळूरच्या बाईंना कन्नडमध्ये माफीचं पत्र लिहितात आणि फाडतात. एक वेळ जेवतात. मी सांगायला तोंड उघडलं की म्हणतात, तू समजूत घालू नकोस, चूक माझी आहे. चूकसुद्धा ते मला वाटून देत नाहीत.

या घरात टपाल टाकायचं काम ह्यांचं आहे. पाकीट चिकटवण्याआधी ते पत्र वाचतात. मी बहिणीला लिहिलेलंही वाचतात, आणि मी कधी त्यावर काही बोलले नाही. हे पत्र मी उघड्या पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवते आहे. तोंडानं सांगितलं तर ते मध्येच बोलतील. लिहिलेलं ते शेवटपर्यंत वाचतात.

लोभ राहिला असेल तर ठेव. आणि हे पत्र तुला मिळालं, तर त्यांनी ते सगळं वाचून, पाकीट चिकटवून, आपल्या हातानं पेटीत टाकलं असं समज.

तुझी काकू,
विद्युल्लता